प्रशिक्षण झाले, फलक लागले, तरी किरकोळ इजा थांबत नाहीत : रोजच्या कोणत्या सवयींवर भर द्यावा?

प्रश्न

आमच्या यंत्रशाळेत लेथ, रेडियल ड्रिल, काही पॉवर प्रेस, ग्राइंडिंगचा एक कोपरा आणि माल हलवण्यासाठी फोर्कलिफ्ट अशी यंत्रसामग्री असून तेथील एका पाळीचा पर्यवेक्षक म्हणून मी काम पाहतो. सुरक्षेचे प्रशिक्षण सर्वांना मिळालेले आहे, सूचनाफलक जागोजागी आहेत, बूट, गॉगल आणि हातमोजे यांचा पुरवठाही वेळेवर होतो. तरीही प्रथमोपचाराच्या नोंदवहीत त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा दिसतात : चिपने (कापताना निघालेल्या धातूच्या धारदार कपच्याने) बोट कापले, डोळ्यात कण गेला, तेलावरून पाय घसरला, जड जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) उचलताना कंबर धरली. यांतील एकही इजा फार मोठी नाही; परंतु हात आणखी इंचभर पुढे असता तर काय झाले असते, हा विचार प्रत्येक नोंद वाचताना मनात येतो.

नोंदवही नीट चाळल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. जखमी होणाऱ्यांत नवी मुले थोडी आणि मुरलेले कारागीर अधिक आहेत. शिवाय बहुतेक इजा प्रत्यक्ष उत्पादन सुरळीत चालू असताना होत नाहीत. टूल बदलताना, अडकलेला तुकडा काढताना, चिप्स साफ करताना किंवा पाळी संपत आल्यावर आवराआवर करताना होतात. व्यवस्थापनाने आता सर्व यंत्रांवर हातमोजे सक्तीचे करावेत असे सुचवले आहे आणि जुन्या टर्नर (लेथ चालवणाऱ्या) मंडळींचा त्याला ठाम विरोध आहे. या बाबतीत कोणाचे बरोबर आहे? आणि एकूणच, रोजच्या अशा कोणत्या सवयी आहेत की ज्यांच्यावर आधी मेहनत घेतली तर उपयोग होईल? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : देखभाल विभागातून

तुमचे दुसरे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे आणि सर्व प्रयत्नांची सुरुवात तेथूनच व्हावी असे मला वाटते. यंत्र नेहमीच्या लयीत चालू असते तेव्हा गार्ड (धोक्याच्या भागावरचे संरक्षक आवरण) जागेवर असतो, ऑपरेटरचे हात ठरलेल्या ठिकाणी असतात आणि काम ठरलेल्या क्रमाने होते. तुकडा अडकला की हे सगळे मोडते. गार्ड उघडला जातो, हात आत जातो, उत्पादन थांबल्यामुळे मागून घाई होते, आणि एवढ्याशा कामासाठी यंत्र पूर्ण बंद कशाला करायचे, असा विचार अगदी निष्णात माणसाच्याही मनात येतो. किंबहुना निष्णात माणसाच्या मनात तो आधी येतो, कारण ते काम त्याने अनेकदा निभावून नेलेले असते.

म्हणून पहिली सवय ही असावी की, यंत्राच्या धोक्याच्या भागात शरीराचा कोणताही भाग घालण्यापूर्वी यंत्र केवळ थांबवायचे नाही, तर त्याची ऊर्जा तोडायची, तेथे स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. यालाच लॉक-आउट टॅग-आउट म्हणतात. इमर्जन्सी स्टॉप दाबणे म्हणजे लॉक-आउट नव्हे. तो फक्त नियंत्रणाचा विद्युतमार्ग तोडतो आणि दुसरा कोणीही तो सोडवू शकतो. एका यंत्रावर तीन माणसे काम करत असतील तर तीन कुलपे हवीत. मुकादमाने एकच कुलूप लावून सर्वांच्या वतीने किल्ली सांभाळणे हे सोयीचे वाटते, पण त्यात आत वाकलेल्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहतो.

कुलूप लावल्यानंतरची एक पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, ती म्हणजे खात्री करणे. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून स्टार्टचे बटण प्रत्यक्ष दाबून पाहावे आणि यंत्र हलत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर ते बटण पुन्हा बंद स्थितीत आणावे. चुकीचा आयसोलेटर (यंत्राचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद केलेला असणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही. शेजारी शेजारी दोन सारखी यंत्रे असतील आणि पॅनेलवरची नावे पुसट झाली असतील तर ती हमखास घडते.

वीज बंद झाली म्हणजे ऊर्जा संपली असेही नाही. एक उदाहरण देतो. प्रेसवर तयार तुकडा बाहेर ढकलणारा हवेवर चालणारा सिलिंडर असतो. तुकडा तिरका अडकला की सिलिंडर अर्ध्यावर थांबतो आणि त्याच्या आत दाबाखालची हवा तशीच राहते. मुख्य स्विच बंद आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे तुकडा सळईने मोकळा करतो, आणि अडथळा दूर होताच तो सिलिंडर उरलेला पल्ला क्षणार्धात पूर्ण करतो. बोटे नेमकी त्याच वाटेत असतात. हायड्रॉलिक दाब, ताणलेली स्प्रिंग, वर उचलून धरलेला रॅम (प्रेसचा खाली येऊन दाब देणारा भाग), फिरत राहिलेले फ्लायव्हील, कपॅसिटरमधील भार, पाइपमधील वाफ या सर्वांचा विचार काम सुरू करण्यापूर्वी करावा लागतो. दाब सोडावा, रॅमखाली त्यासाठीच बनवलेला ठोकळा लावावा, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. प्रत्येक यंत्राजवळ त्याची ऊर्जा कोठे कोठे तोडायची आणि काय काय मोकळे करायचे, याचे एका पानाचे, चित्रासह पत्रक लावून ठेवा. मोठ्या पुस्तिकेचा त्या क्षणी उपयोग होत नाही.

उत्तर २ : एक टर्नर

हातमोज्यांच्या वादात तुमच्या जुन्या मंडळींचे म्हणणे योग्य आहे आणि व्यवस्थापनाला हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी पर्यवेक्षक म्हणून तुमच्यावर आहे. लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरत्या स्पिंडलच्या यंत्रांवर, यंत्र चालू असताना हातमोजे घालू नयेत. उघड्या हाताला चिप लागली तर कापते आणि माणूस हात मागे घेतो. मोज्याचा धागा ड्रिलच्या टोकात किंवा जॉबच्या धारेत अडकला तर हात मागे घेण्याइतका वेळच उरत नाही, बोट किंवा मनगट मोज्यासकट ओढले जाते. सैल बाही, गळ्यातील साखळी, ओळखपत्राची दोरी, मोकळे केस, अंगठी आणि मनगटातील कडे यांचेही तेच. याउलट धारदार पत्रे उचलताना, कच्चा माल उतरवताना किंवा तयार जॉबच्या कडा हाताळताना हातमोजे अवश्य हवेत. त्यामुळे ‘हातमोजे सक्तीचे’ किंवा ‘हातमोजे बंद’ असा सरसकट नियम न करता कोणत्या कामाला हवेत आणि कोणत्या कामाला नकोत हे कामागणिक ठरवा. मोजे टांगायची खुंटी यंत्राच्या बाजूला, माल ठेवण्याच्या मांडणीशी असावी, म्हणजे माणूस माल ठेवतो तेथेच मोजे काढतो आणि मग यंत्राकडे वळतो.

चिप्सबद्दल सांगायचे तर, हाताने चिप काढायची नाही एवढे म्हणून भागत नाही. आकडा आणि ब्रश हाताच्या अंतरावर असले पाहिजेत. आकडा टूलच्या कपाटात कुलपाआड असेल तर माणूस हातच वापरणार. लांब, गुंडाळत जाणारी चिप येत असेल तर तो मुळात टूलचा आणि फीडचा, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा, प्रश्न आहे. चिप तोडणारी खाच असलेले टूल वापरले आणि फीड जुळवून घेतला की चिप बारीक तुटून पडते आणि आकडा घालण्याची वेळही कमी येते. हवेच्या पाइपने जॉब किंवा बेड फुंकून काढण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्याने बारीक कण शेजारच्या माणसाच्या डोळ्यापर्यंत जातात. अंगावरील कपडे त्या हवेने झटकणे तर पूर्ण बंद व्हावे. दाबाखालची हवा जखमेतून त्वचेखाली शिरू शकते.

चकच्या (जॉब घट्ट धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) चावीबाबत माझा नियम असा आहे की, चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात सुटता कामा नये. चावी लावून ठेवून मापन करायला वळणे आणि मग यंत्र सुरू करणे, ही चूक लक्ष असलेल्या माणसाकडूनही होते. हात सोडताच स्प्रिंगने आपोआप बाहेर पडणाऱ्या चाव्या मिळतात, त्या मागवून घ्या. तसेच फिरत्या जॉबवर एमरी पेपर बोटांभोवती गुंडाळून धरण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून दिसते. पेपर जॉबला चिकटून गुंडाळला गेला की बोटे त्याच्याबरोबर जातात. त्यासाठी लाकडी पट्टी किंवा होल्डर वापरावा. ड्रिलवर छोटा जॉब एका हाताने दाबून धरणेही असेच. ड्रिल आरपार निघताना जॉब पकडतो आणि पंख्यासारखा फिरतो. कितीही छोटे भोक असो, व्हाइस किंवा क्लॅम्प हवाच.

ग्राइंडरच्या कोपऱ्याकडे स्वतः जाऊन पाहा, कारण तो सर्वांचा असतो म्हणून कोणाचाच नसतो. बेंच ग्राइंडरवर टेकू आणि चाक यांतील फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि वरच्या पट्टीची फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. चाक झिजत जाते तशी ही फट वाढत जाते आणि एक दिवस जॉब तिच्यात ओढला जाऊन चाक फुटते. फट जुळवायची ती चाक थांबवूनच. नवे चाक बसवण्यापूर्वी ते मोकळे टांगून लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावे. चांगल्या चाकाचा आवाज घुमतो, तडा गेलेल्याचा बद्द येतो. चाकावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते चाक त्या यंत्रावर लावूच नये. आणि सुरू करताना समोर उभे न राहता बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळे फिरू द्यावे.

उत्तर ३ : कारखान्याच्या आरोग्य केंद्रातून

डोळ्यात कण गेलेले जे लोक आमच्याकडे येतात, त्यांतील कित्येकांनी काम करताना गॉगल घातलेला असतो. कण जातो तो गॉगल काढताना. भुवया, केस आणि टोपी यांवर साचलेली धूळ मान खाली करताच डोळ्यात पडते किंवा त्याच धुळीच्या हाताने डोळा चोळला जातो. म्हणून आधी यंत्रापासून दूर व्हावे, डोळे मिटून कपाळ आणि भुवया स्वच्छ कापडाने पुसाव्यात आणि मग गॉगल काढावा. ग्राइंडिंग करताना चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असली तरी आत गॉगल लागतोच, कारण खालून आणि बाजूने येणारे कण ती अडवू शकत नाही.

छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला धातूचा कण डोळ्यात खोल शिरूनही फारसे दुखत नाही, ही गोष्ट सर्वांना समजावून सांगा. छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरले असेल तर ते घासून नीट करावे, कारण ते कण तेथूनच उडतात. डोळ्यात काही रुतले असेल तर ते काढण्याचा प्रयत्न करू नये आणि डोळ्यावर दाबही देऊ नये; वरून कागदी पेल्यासारखे काही हलके झाकण ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. रसायन उडाले असेल तर पापण्या उघड्या धरून सलग किमान १५ मिनिटे पाण्याने धुवावे आणि त्यानंतरच पुढे न्यावे. डोळे धुण्याची जागा दहा सेकंदांत पोहोचता येईल इतक्या अंतरावर असावी आणि तिच्या वाटेत पेट्या ठेवलेल्या नसाव्यात.

आणखी एक इजा फार फसवी आहे. हायड्रॉलिक पाइपला सुईइतके छिद्र पडलेले असते, माणूस गळती कोठून आहे हे पाहण्यासाठी त्यावरून हात फिरवतो आणि तेल त्वचेतून आत शिरते. वरून केवळ एक ठिपका दिसतो, वेदनाही सुरुवातीला थोडी असते. पण आत तेल पसरत जाते आणि उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते. अशा माणसाला पट्टी बांधून कामावर परत पाठवू नये, तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गळती शोधायची तर दाब सोडून, आणि दाबाखाली पाहणे अटळच असेल तर सुरक्षित अंतरावरून पुठ्ठ्याच्या तुकड्याने.

तुमच्या नोंदवहीत न दिसणारी इजा म्हणजे आवाजाने कमी होत जाणारी श्रवणशक्ती. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते आणि अनेक मानकांनुसार दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ डेसिबलला चार तास. हाताच्या अंतरावरील माणसाशी बोलण्यासाठी आवाज चढवावा लागत असेल तर तेथे कानाचे संरक्षण हवे.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. हातमोज्यांबाबत मी लगेच लेखी टिपण देत आहे. मात्र एक अडचण अशी की, नवी सवय काही आठवडे टिकते आणि हळूहळू विरते. प्रेसचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला मला वारंवार दिसतो. एका प्रेसवर तर दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले आढळले. प्रत्येक वेळी समज द्यावी लागते आणि त्यातून संबंध मात्र बिघडतात. यावर उपाय काय?

उत्तर ४ : एक सुरक्षा अधिकारी

पाचर मारलेली प्रेस आधी बंद करा. याबाबतीत चर्चेला जागा नाही. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असताना रॅम खाली यावा, एवढ्याचसाठी ती रचना असते, आणि एक बटण निकामी झाले की मोकळा हात डायमध्ये (तुकड्याला आकार देणाऱ्या साच्यात) जाऊ शकतो. मात्र प्रेस थांबवल्यानंतर समज देण्याऐवजी त्या ऑपरेटरजवळ उभे राहून पाचर कशासाठी मारावी लागली, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ऐका. बहुतेकदा त्यामागे कामाची एखादी खरी अडचण असते. तुकडा डायमध्ये नीट बसत नाही म्हणून एका हाताने धरावा लागतो, किंवा बटणे इतक्या उंचीवर आहेत की पाळीच्या अखेरीस खांदे भरून येतात. पहिल्या कारणावर डायमध्ये लोकेटर पिन (तुकडा ठरलेल्या जागी धरणारी खुंटी) बसवणे हा उपाय आहे आणि दुसऱ्यावर बटणे खाली आणणे. गार्ड काढला जातो तेथे आत दिसत नाही म्हणून काढला जातो की तो उघडायला चार बोल्ट सोडवावे लागतात म्हणून, हे पाहा. पारदर्शक खिडकी आणि बिजागरीचा, उघडताच यंत्र थांबवणारा गार्ड बसवला तर तो काढण्याचे कारणच उरत नाही. सुरक्षित पद्धत अवघड आणि धोक्याची पद्धत सोपी अशी स्थिती असेल तर कितीही समज दिली तरी माणसे थकल्यावर सोप्या पद्धतीकडेच वळतात.

धोका मुळातून काढणे, ते शक्य नसल्यास कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत घेणे, मग यंत्रावरच बंदोबस्त करणे, मग नियम व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने, हा उपायांचा क्रम सर्वमान्य आहे. तुमच्या प्रश्नात प्रशिक्षण, फलक, बूट आणि गॉगल आले, म्हणजे या क्रमातील शेवटच्या दोनच पायऱ्या आल्या. तेलावरून पाय घसरतो तेथे जमीन पुसण्याची सवय चांगलीच. पण तेल कोणत्या सीलमधून गळते हे शोधून ते सील बदलणे अधिक चांगले. कंबर धरण्याबाबतही तसेच. गुडघे वाकवून उचला, असे सांगितले जाते, परंतु पेटी जमिनीवर ठेवलेली असेल तर माणूस वाकणारच. ती कमरेच्या उंचीच्या मांडणीवर ठेवा. उचलण्यासंबंधी अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने मांडलेल्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही २३ किलो एवढेच वजन धरले आहे, आणि ओझे अंगापासून दूर असेल किंवा उचलताना वळावे लागत असेल तर ते आणखी कमी होत जाते.

हानी न होता टळलेल्या घटना, ज्यांना निअर मिस म्हणतात, त्यांची नोंद रोज व्हावी. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिख यांनी एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० हानीविरहित घटना असे प्रमाण मांडले होते. ते आकडे जसेच्या तसे धरू नयेत असे माझे मत आहे, कारण कापलेल्या बोटांची संख्या घटली म्हणून रॅमखाली सापडण्याचा धोका घटतो असे नाही. दोहोंची कारणे वेगळी असतात. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर, यातून सर्वांत वाईट काय होऊ शकले असते, हा एक रकाना ठेवा आणि मृत्यू किंवा अवयव गमावणे असे ज्यांच्यासमोर येईल त्या नोंदी आधी हाताळा. तुमची ती पाचर कोणालाही खरचटलेले नसताना या यादीत सर्वांत वर येईल. सांगणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, अन्यथा तो पुन्हा सांगणार नाही. आणि ‘इतके दिवस विनाअपघात’ यावर बक्षिसे ठेवू नका. त्यामुळे इजा थांबत नाहीत, लपवल्या जातात.

सवय टिकवण्यासाठी ती कामातील एका ठरावीक क्षणाला जोडावी लागते. ‘सावध राहा’ ही सवय होऊ शकत नाही. ‘स्टार्ट दाबण्यापूर्वी चककडे बोट दाखवून, चावी बाहेर, असे मोठ्याने म्हणणे’ ही होऊ शकते. जपानमधील रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, ती पद्धत याच विचारावर उभी आहे. सुरुवातीला माणसे संकोचतात, परंतु पर्यवेक्षक स्वतः करू लागला की संकोच जातो. एका वेळी एकच सवय घ्या. पाळीच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यातही त्या दिवशीच्या कामातील एकच धोका घ्यावा आणि तो शक्यतो ऑपरेटरनेच सांगावा.

उत्तर ५ : गोदाम विभागातून

फोर्कलिफ्टचा उल्लेख प्रश्नात होता, म्हणून थोडक्यात लिहितो. ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला झोकून येतो आणि शेजारी उभा असलेला माणूस भिंतीशी सापडतो. चालकाशी नजरानजर होऊन त्याने खूण केल्याशिवाय जवळून जाऊ नये. उचललेल्या काट्यांखालून कोणीही, कधीही जाऊ नये. उभी करताना काटे जमिनीला टेकवून, ब्रेक लावून, चावी काढून घ्यावी. आणि बसून चालवण्याची फोर्कलिफ्ट कलंडू लागली तर चालकाने उडी मारू नये. पट्टा लावलेला ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून, कलंडण्याच्या विरुद्ध दिशेला झुकून बसून राहावे, कारण उडी मारणारा बहुधा वरच्या सांगाड्याखालीच सापडतो. माणसांची वाट आणि फोर्कलिफ्टची वाट रंगाच्या पट्ट्याने वेगळी करण्यापेक्षा मध्ये कठडा उभारणे केव्हाही चांगले.

प्रश्नकर्ता

प्रेस बंद केली असून लोकेटर पिनचे काम टूलरूमकडे दिले आहे. लॉक-आउटबाबत एक शंका राहिली. दुरुस्ती एका पाळीत पूर्ण झाली नाही किंवा कोणी कुलूप तसेच ठेवून घरी गेला तर काय करावे?

उत्तर १ : देखभाल विभागातून

पाळी बदलताना येणाऱ्याने आधी स्वतःचे कुलूप लावावे आणि त्यानंतरच जाणाऱ्याने आपले काढावे. मधे एक क्षणही यंत्र कुलपाविना राहू नये. त्यासाठी अनेक कुलपे बसतील अशी चिमट्यासारखी कडी मिळते, ती प्रत्येक आयसोलेटरजवळ ठेवा. दोघांनी यंत्राजवळ उभे राहूनच काय झाले, काय राहिले, कोणता दाब सोडलेला आहे, हे एकमेकांना सांगावे.

कोणी कुलूप ठेवून निघून गेला असेल तर सहकाऱ्याने ते तोडू नये. तो माणूस आवारात नाही याची खात्री करावी, त्याच्याशी संपर्क साधण्याचा सर्व प्रकारे प्रयत्न करावा, यंत्र आतून-बाहेरून तपासावे आणि मगच तुमच्यासारख्या अधिकार दिलेल्या व्यक्तीने स्वतःच्या देखरेखीखाली कुलूप काढून तशी लेखी नोंद करावी. दुसऱ्या दिवशी तो कामावर आल्यावर यंत्राला हात लावण्यापूर्वी, तुझे कुलूप आता तेथे नाही, हे त्याला समक्ष सांगावे.